वसईचा चुना आणि २.३४ मायक्रॉनचा खळगा

वसईच्या किल्ल्याचा विषय निघाला की बोलणे दगडाचे होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली, पुढच्या दोनशे वर्षांत तट, बुरूज, चर्च आणि मठ उभे राहिले, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ते सारे जिंकले, हे शाळेपासून पाठ असते. इथला काळा बेसाल्ट एवढा नावाजलेला होता की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागातल्या कोरीव कामासाठी तो वसईहून नेला गेला. पण एकावर एक रचलेला हा दगड चारशे वर्षे धरून ठेवणारा पदार्थ निराळाच आहे. तो म्हणजे चुना. रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट, खनिजशास्त्राच्या भाषेत कॅल्साइट. तटाचा एखादा भाग ढासळतो तेव्हा तिथला दगड क्वचितच फुटलेला असतो. सांध्यांतला चुना निघून गेलेला असतो.

हा चुना कशापासून केला, आज तो कोणत्या अवस्थेत आहे, त्यावर पुढच्या पिढ्यांनी काय काय थापले, हे भिंतीचा कपचाही न काढता कळू शकेल का? संरक्षित वास्तूतून नमुना काढायचा तर परवानगी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे. म्हणूनच केवळ प्रकाश टाकून खनिज ओळखण्याची पद्धत इथे मोलाची ठरते. मानवी डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडचा, साधारण ०.७ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश म्हणजे निकट अवरक्त प्रकाश. तो खनिजावर पडून परत येतो तेव्हा त्यातल्या काही ठरावीक तरंगलांबी खनिजाने शोषून घेतलेल्या असतात. परतलेल्या प्रकाशाचा आलेख काढला की त्या जागी खळगे दिसतात. कार्बोनेट खनिजांचे हे खळगे गेली पन्नासहून अधिक वर्षे मोजले जात आहेत. प्रयोगशाळेपासून मंगळापर्यंत त्यांचा उपयोग झाला आहे. त्या साऱ्या कामाकडे वसईच्या भिंतीसमोर उभे राहून पाहिले तर काय हाती लागते आणि काय लागत नाही, ते इथे मांडायचे आहे.

आधी चुन्याची वाट पाहू. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत सगळा बेसाल्टचा मुलूख. चुनखडीचे जाड थर इथे नाहीत. महाराष्ट्रात ते पाहायचे तर पार पूर्वेला, यवतमाळ-चंद्रपूरकडे जावे लागते, जिथे आज सिमेंटचे कारखाने उभे आहेत. कोकण किनाऱ्यावर चुन्यासाठी हाताशी होते ते शिंपले: कालवं, तिसऱ्या, खुबे. त्याशिवाय शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली वाळू आणि ती घट्ट होऊन बनलेला किनारखडक, काळ्या मातीतले चुनखडे, किंवा जहाजातून काठियावाडची चुनखडी. शिंपले भट्टीत भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध कॅल्साइटमधून छप्पन्न किलो कळीचा चुना मिळतो, चव्वेचाळीस किलो वायू हवेत जातो. हा कळीचा चुना पाण्यात विझवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते. मग वाळू, कधी सुर्खी, कधी गूळ किंवा बेलफळाचा गर घालून घाण्यात मळायचे आणि सांध्यात भरायचे. तिथे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत कॅल्साइट बनतो. म्हणजे समुद्रातल्या कालवाचे कवच आणि बुरुजातला सांधा ही एकाच खनिजाची दोन रूपे. प्रकाशाला त्या दोहोंत फरक दिसतो का, हाच या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

आता तो खळगा कुठून येतो ते. कार्बोनेट आयनात मध्ये एक कार्बन आणि त्याभोवती एका प्रतलात तीन ऑक्सिजन असतात. हे अणू चार प्रकारे कंप पावतात. पैकी तीन कंपने मध्य अवरक्त प्रकाशात थेट शोषण करतात: कॅल्साइटमध्ये साधारण ७, ११.४ आणि १४ मायक्रॉनच्या आसपास. चौथे, तिन्ही ऑक्सिजन एकदमच आतबाहेर होण्याचे, अवरक्तात मुके असते. ते बोलते रामन वर्णपटात, १०८६ या तरंगसंख्येच्या ठळक रेषेने. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचे हे एक नेहमीचे उदाहरण. निकट अवरक्तात मात्र यांपैकी एकही मूळ कंपन नसते. तिथे दिसतात ती या कंपनांची उपस्पंदने आणि त्यांच्या बेरजा. तंबोऱ्याच्या तारा छेडल्या की न छेडलेला गंधार ऐकू येतो, तसेच हे. ७ मायक्रॉनच्या कंपनाचे तिप्पट वारंवारतेचे उपस्पंदन २.३५ मायक्रॉनच्या जवळ उमटते. मुके कंपन याच ७ मायक्रॉनच्या कंपनाच्या दुपटीशी मिळून २.५५ च्या जवळ खळगा पाडते. याखेरीज २.१६, २.०० आणि १.९० मायक्रॉनला आणखी तीन, त्यांहून फिकट.

ही पाच पट्ट्यांची मांडणी अमेरिकेतल्या ग्रॅहम हंट आणि जॉन सॅलिसबरी यांनी १९७१ मध्ये कार्बोनेटांवरच्या निबंधात दिली. २.१६ च्या पट्ट्यासाठी त्यांनी स्वतःच दोन पर्यायी जुळण्या सुचवल्या होत्या, हे मला त्या कामातले विशेष वाटते. जिथे खात्री नव्हती तिथे त्यांनी ओढूनताणून एक उत्तर दिले नाही. अवरक्त प्रकाशाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लावला, पण खनिज ओळखण्यासाठी त्याचा असा पद्धतशीर वापर व्हायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. पुढचा मोठा टप्पा सुसान गॅफी यांचा. १९८६ आणि १९८७ च्या निबंधांत त्यांनी कॅल्साइट, अ‍ॅरॅगोनाइट, डोलोमाइट आणि इतर निर्जल कार्बोनेटांचे पट्टे इतक्या बारकाईने मोजले की केवळ पट्ट्याच्या जागेवरून खनिज सांगता येऊ लागले. कॅल्साइटचे दोन मुख्य खळगे साधारण २.३४ आणि २.५४ मायक्रॉनला असतात. डोलोमाइटचे २.३२ आणि २.५१ ला सरकतात. मॅग्नेसाइटचे आणखी डावीकडे, २.३० आणि २.५० च्या आसपास. कॅल्शियमच्या जागी हलका, लहान मॅग्नेशियम येत जातो तसा पट्टा आखूड तरंगलांबीकडे सरकतो. लोह असलेल्या सिडेराइटमध्ये याखेरीज १ मायक्रॉनच्या भोवती एक रुंद पसरट खळगा असतो, तो लोहाचा. कॅल्साइट आणि डोलोमाइटमधले अंतर दोनशतांश मायक्रॉनचे, म्हणजे वीस नॅनोमीटरचे. आजच्या चांगल्या हाती वर्णपटमापकाला ते सहज पकडता येते.

एका व्यवहारी गोष्टीकडे मात्र वारंवार दुर्लक्ष होते. बाजारात स्वस्त मिळणारे अनेक कॅमेरे १ मायक्रॉनपर्यंतच पाहतात, काही उपकरणे १.७ मायक्रॉनला थांबतात. कार्बोनेटसाठी ही सगळी आंधळी आहेत, कारण कामाचे सारे खळगे १.९ च्या पुढे आहेत. ३५० ते २५०० नॅनोमीटर पाहणारे उपकरणच हवे, आणि त्यातही २५०० ला मोजणी संपत असल्याने २.५४ चा सर्वांत खोल खळगा अर्धामुर्धाच, गोंगाटात बुडालेला मिळतो. कामाची सारी भिस्त २.३४ वर येते, आणि अडचणही इथेच सुरू होते, कारण त्या जागेवर हक्क सांगणारे आणखी बरेच जण आहेत.

वसईत ते एकेक करून भेटतात. पहिला खुद्द बेसाल्ट. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटांबरोबर कॅल्साइटचे स्फटिक वाढलेले असतात. त्यामुळे दगडावरच २.३४ चा खळगा सापडला तर तो सांध्यातल्या चुन्याचा असेलच असे नाही. शिवाय बेसाल्ट कुजला की त्यात स्मेक्टाइट गटातली मातीची खनिजे तयार होतात. त्यांतल्या मॅग्नेशियमवाल्या सॅपोनाइटचा खळगा २.३१ ते २.३२ मायक्रॉनला येतो, म्हणजे थेट डोलोमाइटच्या जागी. घाईत वाचणारा तिथे डोलोमाइटी चुना लिहून मोकळा होईल आणि मग हा चुना बाहेरदेशाहून आणला होता असा इतिहासही रचला जाईल. सॅपोनाइट ओळखायचे ते त्याच्या २.३९ च्या जोडखळग्यावरून, १.४ आणि १.९ च्या पाण्याच्या पट्ट्यांवरून, आणि २.५१ च्या अनुपस्थितीवरून. क्लोराइट खनिजही २.३५ ला बसते, पण त्याचा २.२५ चा साथीदार त्याला उघडे पाडतो. एका खळग्यावर कधीही विसंबू नये, जोडी पाहावी, हा या विद्येतला पहिला धडा आहे.

दुसरा हक्कदार सेंद्रिय पदार्थ. कार्बन-हायड्रोजन बंधांचे पट्टे १.७३, २.३१ आणि २.३५ मायक्रॉनला येतात. तेल, मेण, ॲक्रिलिकचे लेप या सगळ्यांत ते असतात. किल्ल्यातल्या चर्चच्या अवशेषांत लोक आजही मेणबत्त्या लावतात. वितळून दगडावर थिजलेल्या मेणाचा वर्णपट २.३ ते २.३५ च्या पट्टीत कार्बोनेटसारखा भासतो, १.७३ पाहिले की उलगडा होतो. जुन्या चुन्यात घातलेला गूळ याच मार्गाने शोधता येईल अशी आशा अनेकांना असते. मला ती फारशी धरवत नाही. मुळात गुळाचे प्रमाण थोडे, त्यातला बराचसा भाग पावसात आणि जिवाणूंच्या तोंडी गेलेला, आणि जे उरले असेल त्याची खूण कार्बोनेटच्याच खळग्याखाली दडलेली. सेंद्रिय भर शोधायला मध्य अवरक्तातले वर्णपटमापन आणि सूक्ष्मदर्शक अधिक भरवशाचे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचा अंश असल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवले, ते याच साधनांच्या जोडीने.

तिसरी गोष्ट पाण्याची. वसईच्या हवेत दमटपणा कायमचा. ओलसर पृष्ठभागावर पाण्याची पातळ पापुद्री २ मायक्रॉनच्या पुढचा सगळा प्रकाश गिळते आणि कार्बोनेटचा खळगा उथळ होतो किंवा पुसलाच जातो. सूर्यप्रकाशात मोजायचे तर हवेतली वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनला आभाळाचाच प्रकाश अडवते. म्हणून भिंतीला टेकवायचा, स्वतःचा हॅलोजन दिवा असलेला मापक वापरतात. आणि हंगाम निवडावा लागतो: पावसाळा संपून तट पुरता सुकल्यावर, फेब्रुवारी ते मे. शेवाळ आणि दगडफूल असलेल्या भागावर हिरव्या वनस्पतीची ०.७ मायक्रॉनची उडी दिसते. तिथले मोजमाप बाजूला ठेवणे बरे.

चौथी अडचण सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत फसवी: सफेदी. चुन्याने रंगवलेली बेसाल्टची भिंत आणि चुनखडीची भिंत यांत या प्रकाशाला काहीच फरक दिसत नाही, कारण हा प्रकाश फार तर मिलिमीटरभर आत शिरतो. सणासुदीला पिढ्यानपिढ्या सफेदी झालेल्या चर्चच्या आणि घरांच्या भिंतींवर वर्णपट सांगतो तो शेवटच्या हाताच्या चुन्याबद्दल.

एवढे अडथळे सांगून झाल्यावर बळाची बाजूही तेवढ्याच खुलेपणाने सांगायला हवी. चुन्याची अवस्था सांगण्यात ही पद्धत खरोखर तरबेज आहे. अजून कार्बोनेट न झालेल्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, १.४१ मायक्रॉनला अत्यंत धारदार खळगा असतो. नव्या दुरुस्तीत वापरलेला चुना किती पिकला आहे हे त्यावरून कळते. जिप्समचे १.४५, १.४९ आणि १.५४ चे तिपेडी खळगे आणि १.७५ चा वेगळा खळगा इतर कशाशीही गल्लत होऊ देत नाहीत. समुद्राच्या तुषारांतले सल्फेट आणि धुरातला गंधक चुन्याशी मिळून जिप्सम बनवतात. ते फुगते, पापुद्रा सुटतो आणि आतला चुना भुसभुशीत होतो. लोणा लागलेल्या भिंतीचा कोणता भाग मिठाचा आणि कोणता जिप्समचा हे डोळ्यांना कळत नाही, दोन्ही पांढरेच. शुद्ध मिठाला निकट अवरक्तात स्वतःचा खळगा नाही, जिप्समला भरपूर आहेत. दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण मीठ धुवून काढता येते, जिप्समसाठी निराळे उपाय करावे लागतात. सिमेंटचे थिगळही असेच उघडे पडते. त्यातली पाणी धरलेली सिलिकेटे १.४ आणि १.९ च्या पट्ट्यांना रुंद, बोजड करतात, चुन्यात ते इतके नसतात. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटच्या दर्जा भरल्या की पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आत मुरत राहते. अशा जागांचा नकाशा दोन-चार दिवसांच्या मोजणीत तयार होऊ शकतो, आणि माझ्या मते या साऱ्या तंत्राचा वसईसाठी सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

प्रमाण सांगण्यात मात्र हे तंत्र कच्चे आहे. खळगा जितका खोल तितके कार्बोनेट जास्त, असा सरळ हिशेब नाही. कणांचा आकार, पोत, पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांनी खोली बदलते, हे गॅफी यांनीच दाखवून दिले. त्यातून आपल्याकडच्या चुन्यात मिसळलेली वाळू बेसाल्टची, काळी, लोहाची काळी खनिजे असलेली. गडद कण थोडे असले तरी प्रकाश गिळून खळगा दाबून टाकतात. त्याच प्रमाणाचा चुना पांढऱ्या शिंपल्याच्या वाळूत मिसळला तर खळगा खोल दिसेल. म्हणून परदेशातल्या नमुन्यांवर बसवलेली गणिते इथे उचलून लावता येत नाहीत. इथलेच नमुने घेऊन, त्यांतले कार्बोनेट आम्लाने विरघळवून निघालेला वायू मोजून, त्याच्याशी वर्णपट ताडून पाहावा लागतो. शेतजमिनीत हे काम आपल्याकडे पुढे गेले आहे. काळ्या जमिनीतली मुक्त चुनखडी द्राक्ष आणि संत्र्याच्या बागायतदारांना चांगली ठाऊक असते. ती वाढली की झाडाला लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत मातीच्या गुणधर्मांसाठी निकट अवरक्त वर्णपटांवर काम झाले आहे. मातीच्या नमुन्यांसाठी जे जमते ते गिलाव्यासाठीही जमायला हवे; तिथे अडचण आहे ती पुरेशा नमुन्यांची.

आकाशातून पाहणाऱ्यांची कहाणी थोडक्यात सांगता येईल, कारण वसईसाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर उपकरणात २.३३ च्या भोवतीचा एक पट्टा कार्बोनेटला सोयीचा होता. त्याची ही बाजू २००८ मध्ये निकामी झाली. इस्रोने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या हायसिसची मर्यादा २.४ मायक्रॉनची, म्हणजे २.३४ चा खळगा त्याच्या टप्प्यात येतो, २.५ च्या पुढचा नाही. इटलीचा प्रिस्मा आणि जर्मनीचा एनमॅप जमिनीचा तीस मीटरचा तुकडा एका ठिपक्यात पाहतात. अंतराळ स्थानकावर २०२२ पासून असलेले एमिट साठ मीटरचा. वाळवंटी धुळीतल्या कॅल्साइट-डोलोमाइटसाठी ते उत्तम आहे. तीस मीटरच्या ठिपक्यात वसईचा तट, त्यावरची झाडी, खाजण आणि रस्ता असे सगळेच येते. नासा आणि इस्रोने २०१५-१६ पासून भारतात केलेल्या विमानातल्या एव्हिरिस-एनजी मोजणीचा ठिपका काही मीटरांचा होता; तेवढ्या बारकाईने किनाऱ्याची वाळू वाचता येईल, कोणत्या किनाऱ्यावर शिंपल्याचा चुरा जास्त आणि कोणत्यावर बेसाल्टची काळी वाळू, हे राजोडी-कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत मांडता येईल. भिंतीतल्या सांध्यासाठी मात्र माणसाने उपकरण घेऊन भिंतीजवळच जावे लागते.

मंगळाची गोष्ट इथे आणतो ती मोठेपणासाठी नव्हे, तर तिथे नेमकी वसईचीच अडचण आली म्हणून. मंगळही बेसाल्टचा ग्रह. तिथे कधीकाळी दाट हवा आणि पाणी असेल तर कार्बोनेट सापडायला हवे, अशी अपेक्षा होती. दशकानुदशके ते जवळजवळ सापडतच नव्हते. २००८ मध्ये बेथनी एल्मन आणि सहकाऱ्यांनी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या क्रिझम उपकरणाच्या आधारे निली फॉसी भागात मॅग्नेशियम कार्बोनेट असल्याचे दाखवले, ते २.३१ आणि २.५१ या दोन खळग्यांच्या जोडीवर. एकट्या २.३१ वर ते विधान उभे राहिले नसते, कारण तिथेही मॅग्नेशियमची मातीची खनिजे त्याच जागी बसलेली होती. त्याच परिसरातल्या जेझेरो विवरात १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स उतरले. त्यावरच्या सुपरकॅमची अवरक्त दृष्टी १.३ ते २.६ मायक्रॉनची आहे, म्हणजे दोन्ही खळगे पुरे दिसतील एवढी. दुसरीकडे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, क्युरिऑसिटीने गेल विवरात खोदलेल्या खडकाच्या भुकटीत क्ष-किरणांनी सिडेराइट सापडले, काही नमुन्यांत वजनाच्या पाच ते दहा टक्के. कक्षेतून तिथे ते दिसलेच नव्हते. वरून न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. भिंतीचा वरचा पापुद्रा पाहून आतल्या चुन्याविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

बेसाल्टमध्ये कार्बोनेट कसे बनते हे पाहायला आपल्याला मंगळापर्यंत जायचीही गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे बेसाल्टमध्ये आघाताने बनलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, आत खारट, तीव्र अल्कधर्मी तळे. त्याच्या तळाच्या गाळातून गेल्युसाइटचे स्फटिक मिळाले आहेत. हे सोडियम-कॅल्शियमचे, पाणी धरून ठेवणारे कार्बोनेट. कडक कोरड्या काळाची ती खूण मानली जाते. पाणी धरल्यामुळे १.४ आणि १.९ चे पट्टे इतके फुगतात की कार्बोनेटची जोडी ओळखणे कठीण होते. गॅफींच्या तक्त्यात बसणारी खनिजे निर्जल होती. पाणीवाल्या कार्बोनेटांचे तेवढे बारीक संदर्भ-वर्णपट अजून कमी आहेत, आणि लोणार हे काम करण्यासाठी हक्काची जागा आहे.

आता त्या अवघड प्रश्नाकडे: चुना शिंपल्याचा की खडकाचा? शिंपल्यांत दोन प्रकारचे कार्बोनेट असते. कालवाचे कवच मुख्यतः कॅल्साइटचे, तिसऱ्या-खुब्यांचे अ‍ॅरॅगोनाइटचे. दोघांचे रासायनिक सूत्र एकच, अणूंची रचना वेगळी, आणि निकट अवरक्तातला फरक अगदी बारीक, खळग्याच्या जागेपेक्षा आकारात जास्त. शिवाय अ‍ॅरॅगोनाइट साधारण चारशे अंशांच्या पुढे तापवले की कॅल्साइट होते, आणि पुरते भाजून, विझवून, हवेत पिकलेला चुना कशाचाही असो, कॅल्साइटच असतो. तेव्हा बांधणीतल्या चुन्याचे मूळ या प्रकाशाने कळत नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. सांध्यात अ‍ॅरॅगोनाइट मिळालेच तर तो बहुधा न भाजलेला शिंपल्याचा तुकडा किंवा वाळूतला चुरा. तोही पुरावा आहे, पण त्यावर सूक्ष्मदर्शकाखाली शिक्कामोर्तब हवे. काळ ठरवायचा तर कार्बन-१४ ची पद्धत आहे. पिकताना चुन्याने हवेतला कार्बन घेतलेला असल्याने तो त्या वर्षाची नोंद धरून बसतो. त्यात न भाजलेला शिंपला मिसळला तर समुद्रातला जुना कार्बन शिरतो आणि वय फसते. निकट अवरक्ताची खरी मदत इथे होते: कुठला तुकडा नमुन्यासाठी घ्यायचा आणि कुठला अजिबात नाही, हे आधी ठरवता येते. दहा ठिकाणी फोडण्याऐवजी दोन ठिकाणी फोडावे लागते.

तोडफोड किती टाळता येते याचे उलटे उदाहरण गोव्यात आहे. बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्ट्रो यांच्या काळात काढला गेला, आणि आतला जांभा तेव्हापासून पावसाचा मारा झेलतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही याचा वाद आजही चालू आहे. काढण्याआधी त्या गिलाव्याचे वर्णपट घेतलेले असते तर आज निदान तो कसा होता याबद्दल वाद उरला नसता. वसईत बराचसा चुना अजून जागेवर आहे.

तुलनेसाठी वसईजवळ एक दुर्मीळ सोय आहे. वसईचा किल्ला प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या हातचा. वैतरणेच्या मुखावरचा अर्नाळा १७३७ मध्ये पेशवाईत नव्याने बांधला गेला. एकच समुद्र, एकच हवा, एकच शिंपले, दोन बांधकाम-परंपरा, आणि वयातले अंतर ठाऊक. दोन्हीकडच्या सांध्यांचे वर्णपट शेजारी ठेवले तर हवामानाने झालेला बदल आणि गवंड्याच्या हातचा फरक वेगळे काढता येतील. मात्र त्याआधी संदर्भ-वर्णपट तयार हवेत, आणि ते कोणत्याही परदेशी संग्रहात मिळणार नाहीत. कालवं, तिसऱ्या आणि खुबे वेगवेगळे भाजावेत, विझवावेत, अर्नाळ्याची वाळू आणि बेसाल्टची काळी वाळू अशा दोन्हींत मळावेत, काहींत गूळ, काहींत बेलाचा गर, काहींत काहीच नाही. त्यांच्या विटा करून वसईच्याच हवेत ठेवाव्यात, निम्म्या उघड्यावर, निम्म्या छपराखाली, आणि दर महिन्याला १.४१ चा खळगा किती उरला, २.३४ चा किती खोल गेला, जिप्समची तिपेड कधी डोकावली, ते टिपत जावे. उपकरण महाग आहे, पण ते विद्यापीठांकडून आणि संस्थांकडून काही दिवसांसाठी मागून घेता येते. बाकीचे सारे सामान वसईच्या कोळीवाड्यात आणि किनाऱ्यावर मिळते. भूशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या इथल्या कोणत्याही महाविद्यालयाला पहिला घाणा मळायला एक हंगाम पुरेल; तो दिवाळीनंतर मळावा, म्हणजे पाऊस लागण्याआधी कोरड्या भिंतीवरची पहिली मोजणी पदरात पडते.